द्राक्षाचे पैसे चौदा दिवस कुठे होते, तेही छापा

मा. संपादक,
स. न.

परदेशातले पैसे आता झटपट येतात असं सांगणारा कालच्या अंकातला परदेशी पेमेंटवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. यूपीआय सिंगापूरच्या पे-नाऊला, म्हणजे तिकडच्या मोबाइल पेमेंटच्या सोयीला, २१ फेब्रुवारी २०२३ ला जोडलं, चांगलं झालं. देशोदेशीच्या अशा झटपट पेमेंटच्या सोयी एकमेकांना जोडणाऱ्या नेक्सस प्रकल्पात मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर, थायलंडबरोबर आपली रिझर्व्ह बँक २०२४ मध्ये गेली, तेही चांगलंच. पण सिंगापूरची सोय सुरू झाली तेव्हा दिवसाला साठ हजारांची मर्यादा होती आणि ती घरच्या माणसांना पैसे पाठवायला, कंटेनरचं पेमेंट त्यातून येत नाही. निम्मा जिल्हा द्राक्षावर जगतो आणि अख्ख्या लेखात एका बागायतदाराला विचारलेलं नाही, याचा राग आला.

आम्ही चार भाऊबंदांनी फर्म केलीय, माल स्वतः नेदरलँड्सला पाठवतो. १९ मार्च २०२५ ला तिकडच्या पार्टीने दुसऱ्या हप्त्याचे १४,२०० युरो सोडले, संध्याकाळी स्विफ्ट कॉपी, म्हणजे बँकेने बँकेला पाठवलेल्या पेमेंटच्या मेसेजची प्रत, व्हॉट्सॲपवर आली. दोन-तीन दिवस थांबून शाखेत गेलो तर साहेब म्हणाले आमच्या स्क्रीनला काही दिसत नाही, फॉरेक्सचं, म्हणजे परकीय चलनाचं, सगळं मुंबईला बघतात. मुंबईचा फोन लागेना, लागला तर ईमेल करा. ईमेल केला तर उत्तर आलं की शाखेमार्फत या. निफाड ते शाखा अशा पाच चकरा झाल्या आणि त्या दिवसांत बागेत तोडणी चालू होती.

२६ तारखेला मुंबईच्या एका मॅडमनी नीट सांगितलं, त्यांचे उपकार आहेत. पैसे बँकेच्या परदेशातल्या खात्यात केव्हाच येऊन पडले होते, पण नाव जुळत नाही म्हणून होल्डवर. आमच्या फर्मचं नाव लांब, पुढे गट नंबर, मु. पो., ता. निफाड, जि. नाशिक. जुन्या स्विफ्ट मेसेजमध्ये नाव-पत्त्याला मिळून ३५ अक्षरांच्या चार ओळी, तिकडची बँक नाव-पत्त्याला वेगळे रकाने असलेल्या नव्या आयएसओ २००२२ पद्धतीने पाठवते, आणि तो मेसेज आपल्याकडे जुन्या साच्यात उतरवताना नावाचा शेवटचा शब्दच कापला गेला. बस एवढंच. त्यासाठी लेटरहेडवर चौघांच्या सह्या, शिक्का, इन्व्हॉइस, पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड पुन्हा, आणि एक भागीदार लग्नाला जळगावला गेलेला.

३० मार्चला पाडवा, ३१ ला माझ्या पीककर्जाची मुदत, १ एप्रिलला बँक बंद, पैसे २ तारखेला जमा. मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं हे तुम्ही दरवर्षी छापता. माझी ती सवलत दोन दिवसांच्या उशिराने गेली, आणि पैसे माझेच होते, बँकेकडेच होते! तोडणीला आलेली पेठ-सुरगाण्याची मजूर माणसं पाडव्याला घरी जायची होती, त्यांचा हिशोब बायकोच्या बांगड्या ठेवून केला. हे मला कायम लक्षात राहणार. वर जमा झाले ते १४,१५५ युरो. पंचेचाळीस मधल्या कुठल्या बँकेने कापले ते आजपर्यंत कोणी लेखी दिलं नाही.

म्हणून सांगतो, पैसे समुद्र ओलांडतात पटकन, अडकतात ते इकडे आल्यावर. रिझर्व्ह बँकेलाही ते माहितीये, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी मसुदा काढला की परदेशी पेमेंटचा मेसेज आला की बँकेने ग्राहकाला लगेच कळवावं आणि परदेशातल्या खात्याचा मेळ घालणं दिवसाअखेरपर्यंत लांबवू नये. तुमच्या लेखात त्याचा उल्लेखच नाही. युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून युरो पाठवण्याआधीच नाव आणि खातं जुळतं का हे बँकेने दाखवायचं असतं. हीच तपासणी आपल्या खात्यांना लावा ना, मग चौदा दिवस जाणार नाहीत. नोव्हेंबर २०२५ ला जुन्या स्विफ्ट मेसेजची मुदत संपली, आता नोव्हेंबर २०२६ पासून सरळ ओळीत लिहिलेला पत्ता चालणार नाही, गाव आणि देश वेगळ्या रकान्यात लागणार. गट नंबरवाल्या आमच्या पत्त्यांचं काय करायचं हे पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंत कुठल्या बँकेने बोलावून सांगितलंय? मला तरी एकही मेसेज आला नाही.

आणि ते फॉर्म. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की ग्राहकांचे छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत हवेत. मला त्या दिवशी जे डिक्लरेशन दिलं ते नुसतं इंग्रजीत, माझ्या चुलतभावाने न वाचता सही केली, वाचता येत असतं तर केली नसती कारण त्यात उशिराची जबाबदारी आमच्यावर टाकलेली होती. यावर एकदा लिहा.

स्विफ्ट कॉपी, होल्डचा ईमेल, त्या डिक्लरेशनची झेरॉक्स, कर्जखात्याचा उतारा, सगळं एका फाईलला लावून ठेवलंय. तुमच्या वार्ताहराला पाठवा, सकाळी दहाच्या आत बागेत भेटेन.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक