बाबा, बादली आता खाली ठेवा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

उन्हाळा लागल्यापासून बाबा रोज सकाळी स्टुलावर चढून फिशटँकमध्ये पाणी ओततात, तेही खांदा दुखत असताना, असं आई म्हणाली. बाबा, पाणी खाली गेलेलं तुम्हाला बघवत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून नुसतं ‘बादली उचलू नका’ म्हणत नाही. ते काम करणारं यंत्र बसवू या. ऑटो टॉप-ऑफ म्हणतात त्याला, मासे पाळणाऱ्यांच्या बोलीत एटीओ. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर ते रोज चालतं. फोनवर अर्धं बोलायचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

प्लंबरने सुचवलेला उपाय आधी बाजूला ठेवते. गच्चीवरच्या टाकीची लाइन आणून तिला कूलरचा बॉल लावायचा, पाणी उतरलं की बॉल खाली जाईल आणि पाणी आपोआप येईल. कूलरला हे चालतं, कारण तो खिडकीबाहेर असतो आणि बॉल अडकला तर पाणी अंगणात जातं. फिशटँक मात्र दिवाणखान्यात आहे, आणि गच्चीवरची टाकी 1000 लिटरची. शिवाय मे महिन्याच्या दुपारी त्या लाइनला चटका बसेल इतकं गरम पाणी येतं. ते थेट एंजल माशांच्या अंगावर नको. कॉर्पोरेशनच्या पाण्यात क्लोरीनही असतं. बादलीत तुम्ही अँटी-क्लोरीनचे थेंब टाकता, लाइनमध्ये कोण टाकणार?

दुसरी गोष्ट क्षारांची. कूलरच्या ताट्यांवर सीझन संपेपर्यंत पांढरा थर चढतो ना, तेच फिशटँकमध्येही होतं, फक्त दिसत नाही. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. आपली टाकी 90 बाय 45 सेंटिमीटरची. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण 4 लिटर पाणी उडालं. तेवढं रोज उडतं आणि तुम्ही 400 टीडीएसचं, म्हणजे लिटरमागे 400 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेलं पाणी भरता असं धरू. रोज 1600 मिलिग्रॅम क्षार आत गेले. टाकीत 160 लिटर पाणी आहे, म्हणजे टीडीएस दिवसाला 10 ने वाढला आणि महिन्यात 300 ने. माझ्या टाकीत तर मिठाचं प्रमाण 35 ग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास राहावं लागतं, त्यामुळे भर घालायला मी फक्त आरओचं पाणी वापरते. तुम्हीही तेच वापरा. मात्र पाणी बदलताना आरओचं घेऊ नका, त्यात क्षार जवळजवळ नसतातच आणि माशांना थोडे लागतात. बदलायला नळाचंच पाणी घ्या, थेंब टाकून. आणि आई, आरओतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी यात अजिबात नको. ते मूळ पाण्यापेक्षाही जड असतं.

आता यंत्राचं. त्याला तीन भाग असतात: पातळी ओळखणारा सेन्सर, छोटा पंप आणि पाण्याचा साठा. दुकानदार सेन्सरवरच सगळं बोलेल. तरंगत्या बॉलचा स्विच स्वस्त असतो. बॉलमध्ये लोहचुंबक असतं, पातळी उतरली की आतला संपर्क जुळतो आणि पंप सुरू होतो. आपल्या टाकीत ते बारीक गोगलगायींमुळे बिघडेल. व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीच्या पानांवर शेकड्याने असतात त्या. एखादी बॉलच्या खाली शिरून बसली तर बॉल वरच अडकतो आणि पंप सुरूच होत नाही. वर बसून त्याला खाली दाबून धरलं तर पंप थांबतच नाही. दुसरा प्रकार ऑप्टिकल. त्याच्या पारदर्शक टोकातून इन्फ्रारेड प्रकाश जातो. टोक हवेत असेल तर तो आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो, पाण्यात असेल तर बाहेर निसटतो. त्यावरून यंत्राला पाणी आहे की नाही ते कळतं. हलणारा भाग काहीच नाही, म्हणून मला हाच पटतो. त्याच्या टोकावर शेवाळ धरतं, बुडबुडा चिकटतो, ते आठवड्यातून एकदा बोटाने पुसावं लागतं. तेवढं तुम्ही कराल, त्याची मला काळजीच नाही.

पण कुठलाही सेन्सर कधीतरी फसणारच, हे धरूनच निवड करायची. म्हणून एका सेन्सरवर भिस्त नको. वर एक सुरक्षेचा दुसरा सेन्सर हवा. जर्मनीच्या टुंझे कंपनीचं ऑस्मोलेटर असं आहे, ऑप्टिकल सेन्सर आणि वर इमर्जन्सीचा बॉल. ते महाग पडतं आणि आपल्याला तेच हवं असं नाही. पण जे घ्याल त्यात दोन सेन्सर आणि ठरावीक वेळेनंतर पंप आपोआप बंद होण्याची सोय, एवढं असलंच पाहिजे. बिघाड झाला की नुसती बारीक शिट्टी वाजवणारं घेऊ नका, लाल दिवाही लागला पाहिजे. बाबांना बारीक आवाज आता नीट ऐकू येत नाहीत आणि आई दुपारी आत झोपलेली असते.

साठ्याबद्दल माझं ठाम मत आहे. तो लहानच हवा. आपल्या टाकीत पाणी वरच्या काठाच्या 5 सेंटिमीटर खाली असतं, म्हणजे वर साधारण 20 लिटरची जागा. पाण्याचा 20 लिटरचा जार घ्या आणि त्यावर 15 लिटरला मार्करने खूण करा. त्याच्या वर भरायचं नाही. यंत्र पूर्ण वेडं झालं आणि सगळा जार टाकीत रिकामा झाला, तरी पाणी पावणेचार सेंटिमीटरच चढेल. जमिनीवर थेंबही येणार नाही. आठवड्यातून दोनदा भरावा लागेल, तो त्रास मला मान्य आहे. भरताना जार उचलायचा नाही, आरओच्या नळाला बारीक पाइप लावून जागेवरच भरायचा. आणि पाइप लावून दुसऱ्या खोलीत जायचं नाही.

जार स्टँडच्या खालच्या कपाटातच ठेवा, शोकेसवर नको. टाकीपेक्षा उंचावर ठेवला तर पंप बंद झाल्यावरही पाणी नळीतून सायफनने वाहत राहतं. आणि नळीचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडवायचं नाही, पातळीच्या वर, काठाला क्लिपने धरून ठेवायचं. बुडवलं तर उलट होतं, टाकीतलं पाणी खालच्या जारमध्ये उतरतं. बसवणारा घाईत असेल तर नेमकं हेच चुकवतो, तेव्हा तो असताना बाबा, तुम्ही स्वतः बघा.

पंप 12 व्होल्टचा, अ‍ॅडॅप्टरवर चालणारा घ्या. प्लगकडे जाणारी वायर बोर्डाच्या खाली लोंबती सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरण्याऐवजी खालीच टपकेल. त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का, ते इलेक्ट्रिशियनला विचारा. नसेल तर यंत्राआधी तो बसवा. एरवी तुम्ही टाकीत हात घालता तेव्हाही तो हवाच आहे.

टाकीवरचा छोटा पंखा मात्र काढू नका. पाणी त्याच्यामुळेच जास्त उडतं हे खरं, पण ते उडतं म्हणूनच टाकी दोन-तीन अंशांनी थंड राहते. नागपूरच्या मे महिन्यात माशांना त्याची गरज आहे.

खर्च मी करणार आहे, त्यावर वाद नको. पण घेण्याआधी एक माप हवं. आई, आज रात्री काचेवर पाण्याच्या पातळीला एक बारीक चिकटपट्टी लाव. बाबा, उद्या दिवसभर पाणी घालू नका. पंखा नेहमीसारखा चालू ठेवा आणि उद्या रात्री त्याच वेळी चिकटपट्टीपासून पाणी किती मिलिमीटर उतरलं ते मोजपट्टीने मोजून मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. आरओच्या पाण्याचा टीडीएसही मोजा, तुमच्याकडे ते पेन आहेच. दोन्ही आकडे आले की मी इथून ऑर्डर करते, आणि पुढच्या महिन्यात येईन तेव्हा आपण दोघं मिळून बसवू. तोवर पाणी शेजारच्या दादाला ओतायला सांगा, मी त्याच्याशी बोलले आहे.

तुमची,
मनू