यंदा गणपतीला मी येत नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा "बरं" म्हणून फोन ठेवतात, म्हणून लिहितेय. जूनच्या मध्यापासून तीन महिने मी बिनपगारी रजा घेतली आहे. मंजूरही झाली. मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला लागून बाउंड्री वॉटर्स नावाचा तळ्यांचा प्रदेश आहे. तिथे शाळेच्या मुलांना कनूतून, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होडीतून, पाणथळी दाखवायला नेतात, त्या लोकांच्या हाताखाली शिकणार आहे. म्हणून यंदा गणपतीला येणं नाही. दिवाळीचं तिकीट काढलंय, दादाकडे पाठवलंय.

नोकरी सोडलेली नाही. ग्रीन कार्ड झालंय, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. घराच्या हप्त्यांचे पैसे बाजूला काढलेत. आणि हे एकाएकी शिरलेलं खूळही नाही. गेले चार उन्हाळे "मैत्रिणींबरोबर फिरायला" म्हणून तुम्हाला सांगत होते, ते हेच. चुकलंच माझं.

बाबा, तुम्ही विचाराल, कृष्णा काय आटली होती का? नाही. पण २०१९ ला सांगलीच्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर आणि मी इथे रात्रभर फोन धरून बसलेली. त्यानंतर दोन वर्षं नदीचा फोटोसुद्धा मला बघवत नव्हता. ते इथे, वल्हं हातात आल्यावर, हळूहळू निवळलं. पाठीला डबा बांधून तुम्ही मला घाटावर ढकलून दिलं होतंत ना, आणि मग स्वतःच कपड्यांसकट उडी मारलीत? पहिल्या दिवशी कनू डुगडुगली तेव्हा तेच आठवलं.

कनू वीतभर पाण्यातही जाते. बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला बंदीच आहे, त्यामुळे आवाज फक्त वल्ह्याचा. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, पण ती घाण नव्हे, दलदलीतल्या कुजक्या पाल्याचा अर्क उतरलेला असतो. पाणी किती नितळ ते बघायला पोरं २० सेंटीमीटरची काळी-पांढरी थाळी दोरीने खाली सोडतात आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण मोजतात. मला मात्र बीव्हरचे बांध आवडतात. कुत्र्याएवढा प्राणी, दातांनी झाडं पाडून ओढा अडवतो. वाटेत बांध आला की उतरून कनू वरून ओढून न्यायची. बांधावर उभं राहिलं की वरच्या अंगाला कमळं, खाली काड्यांमधून झिरपणारी धार. पाणी वर पसरून थांबतं, गाळ तिथेच बसतो, खाली एकदम लोंढा येत नाही. तिथे मला आपल्या घरामागचा ओढा आठवला. त्याच्यावर आता लिफ्टवाली अपार्टमेंट आहे.

आता आईचे प्रश्न. एका गटात ९ च्या वर माणसं चालत नाहीत, पण एकटी कधीच नसणार. लाइफ जॅकेट अंगावरून उतरत नाही. खाण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला मनाई आहे, म्हणून भाजणी, मेतकूट आणि सुकवलेली खिचडी पिशव्यांतून नेतेय. दोन तळ्यांच्या मधे कनू खांद्यावर घ्यावी लागते, पण ती वीस किलोच्या आतबाहेर, भरलेल्या सिलिंडरपेक्षा हलकी. मोबाइल चालत नाही, सॅटेलाइटच्या यंत्रावरून रोज संध्याकाळी "ठीक" येईल. एखाद्या दिवशी नाही आलं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघा, लगेच देव पाण्यात घालू नका. अस्वलांबद्दल दादा सांगेल त्यातलं अर्धं खोटं आहे.

बाबा, मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही. मी दादाला रोज विचारणार आहे. आई, मोदक ओट्याशी उभं राहून, नाहीतर स्टुलावर बसून, आणि २१ म्हणजे २१. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. आणि ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तर "बघू" नाही, सरळ विश्रामबागला मावशीकडे. औषधं आणि कागदांची पिशवी दाराशी तयार ठेवा. रागावून सांगत नाहीये गं, पण सांगतेय.

या पत्रासोबत पाण्यात आपोआप उगवणाऱ्या जंगली भाताची एक पुडी आहे. ती ऋषिपंचमीसाठी. मागच्या सप्टेंबरात इथल्या ओजिब्वे आदिवासींतल्या एका आजींच्या कनूत बसायला मिळालं. मुलगा मागे उभा राहून लांब काठीने कनू रेटत होता, आजी एका दांडक्याने पाण्यातल्या लोंब्या कनूत वाकवायच्या आणि दुसऱ्याने हलकंच झोडपायच्या. दाणे टपटप पडत होते, काही माझ्या केसांत, बरेचसे परत पाण्यात. मी सावरायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, ते पुढच्या वर्षीचं बी. मग चुलीवर भाजून, पायांनी तुडवून, सालीच्या सुपात पाखडलं. अगदी आपल्या आजीसारखा हात. मनोमिन म्हणतात याला. नांगर नाही, बैल नाही, म्हणजे तुझ्या देवभाताच्या जागी चालेल ना?

दोनदा धुऊन घे. एक वाटीला तीन-चार वाट्या पाणी, कुकर नको, पातेल्यातच. दाणा उकलून आतलं पांढरं दिसलं की गॅस बंद कर. बाबांना जरा जास्त मऊ लागेल.

तुमची,
ताई