तक्रार: पपी ओबीडियन्स बॅचची फी परत करा आणि लसीच्या कार्डांचा खुलासा करा

प्रति,
व्यवस्थापक,
गंगापूर रोड शाखा, नाशिक

आज तुमच्या कस्टमर केअरशी शेवटचं बोलले. यापुढे फोन नाही, जे काही असेल ते लेखी. क्लास तुमचाच आहे, तिथे काय चालतं हे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

'परवडणाऱ्या दरात पपी ओबीडियन्स', म्हणजे पिल्लांना आज्ञा पाळायला शिकवणारा क्लास, ही जाहिरात बघून मी माझ्या गावठी पिल्लासाठी, चिंगीसाठी, ६,५०० रुपये भरले. घरी येणारे ट्रेनर १२,००० सांगत होते. मी बालवाडीत शिकवते, तेवढे मला जमण्यासारखे नव्हते. शिवाय चिंगीला दुसरी पिल्लं, अनोळखी माणसं बघायची सवय व्हावी म्हणून मला बॅचच हवी होती. पैसे भरण्याआधी काउंटरवर विचारलं: एका ट्रेनरकडे किती पिल्लं असतात? लसीची कार्डं तपासता का? शिकवताना काय वापरता? पालकांना थांबता येतं का? उत्तरं मिळाली: जास्तीत जास्त सहा, हो, फक्त ट्रीट, हो. यातलं शेवटचं तेवढं खरं निघालं.

पहिल्याच रविवारी एका ट्रेनरसमोर पंधराच्या वर कुत्री उभी होती. अडीच महिन्यांच्या चिंगीशेजारी पूर्ण वाढलेला रॉटवायलर. मी कार्ड हातात घेऊन उभी होते, ते कोणी मागितलंसुद्धा नाही. मग कळलं की 'किट' घ्यावंच लागतं, १,८५० रुपये. आणि हाक मारल्यावर परत येणं हे या कोर्समध्ये नाही, ते 'अ‍ॅडव्हान्स'मध्ये, आणखी ३,०००. रस्त्याकडे धावत सुटलेलं पिल्लू हाकेला वळलं तर जगतं, आणि तेच तुम्ही वेगळं विकता. बेरीज करा: ११,३५०. घरी येणाऱ्या ट्रेनरपेक्षा ६५० रुपये कमी.

किटमध्ये चोक चेन होती, ओढली की गळा आवळणारी साखळी. फक्त ट्रीट वापरतो असं सांगणाऱ्यांच्या किटमध्ये. ट्रेनरने ती चिंगीच्या गळ्यात घातली आणि 'सिट' म्हणताना हिसका दिला. ती किंचाळली. एवढ्या लहान पिल्लाची श्वासनलिका नाजूक असते, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? मी थांबवलं, तर तो म्हणाला, "गावठी आहे, गोडीत नाही शिकणार." उत्तराखंड पोलिसांनी २०१९ मध्ये रस्त्यावरचंच एक पिल्लू घेऊन त्याला श्वानपथकात तयार केलं. गावठी शिकत नाही असं म्हणणाऱ्याला शिकवता येत नाही, एवढंच मला त्यातून कळलं. आता पट्टा हातात घेतला की चिंगी कॉटखाली शिरते.

हे सगळं कदाचित मी पोटात घातलं असतं. पण बॅचमधलं एक लॅब्रॅडॉरचं पिल्लू यायचं बंद झालं. त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असल्याचं दुसऱ्या एका पालकाकडून कळलं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गात असंच होतं. म्हणून मी फोन केला. पैशासाठी नाही, हे नीट लक्षात घ्या. विचारलं, "त्याला पार्व्हो आहे का? त्याची लस झाली होती का? आमच्या डॉक्टरांना सांगायचं आहे."

पलीकडून आलं, "मॅडम, तुमचं गावठीच आहे ना? त्यांना काही होत नाही, इम्युनिटी स्ट्राँग असते."

मी म्हटलं, चिंगीची दोन भावंडं आमच्या गल्लीत पार्व्होनेच गेली. क्षणभर शांतता. मला वाटलं, आता तरी हा माणूस कुणाला तरी विचारून सांगेल. त्याने कुणाला विचारलं नाही. म्हणाला, "म्हणजे तुम्हाला रिफंड पाहिजे." मी म्हटलं, आधी लसीचं सांगा. तो म्हणाला, "रिफंड होत नाही, पावतीवर लिहिलंय." मी पुन्हा लसीचं विचारलं. त्यावर त्याचे शब्द असे: "मॅडम, एवढंच परवडत नसेल तर कुत्रं पाळायचं कशाला?" आणि फोन ठेवला.

परवडणाऱ्या दरात, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून आलेल्या बाईला तुमचा माणूस असं बोलतो. चिंगीच्या लसी, जंताचं औषध, खाणं, यातलं काहीही मी कधी चुकवलेलं नाही. क्लाससाठी परवडेल ते शोधलं, हा गुन्हा नाही.

पिल्लाच्या समाजीकरणाचा, म्हणजे इतर कुत्र्या-माणसांची सवय लागण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, आणि लसींचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. सगळे डोस होईपर्यंत थांबलं तर तो काळ निघून जातो. म्हणूनच आमच्या डॉक्टरांनी पहिला डोस आणि जंताचं औषध होऊन आठवडा झाल्यावर बॅचला जायला सांगितलं, पण अट एकच घातली: जागा स्वच्छ हवी आणि प्रत्येक पिल्लाचं कार्ड बघितलेलं हवं. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्याच मैदानात तुम्ही दर रविवारी नवी पिल्लं उतरवता. आणि कार्ड कोणी मागितलं नाही. हे दुसऱ्यांदा लिहिते आहे, कारण फोनवर कितीदाही सांगितलं तरी ते तुमच्याकडे कुणाच्या कानात शिरलं नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सदोष सेवेचे पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि दिशाभूल करणारी जाहिरात हा वेगळा मुद्दा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवणार आहे. चोक चेनचा व्हिडिओ एका पालकाने काढलेला आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे, त्याची माहिती तुम्हाला असायला हवी.

वाईट याचं वाटतं की मी आमच्या सोसायटीतल्या दोन घरांना तुमचं नाव सुचवलं होतं. त्यांना काल सगळं सांगितलं.

फी आणि किटचे मिळून ८,३५० रुपये पंधरा दिवसांत परत करा. चोक चेन बंद करा. आणि त्या बॅचमधल्या प्रत्येक पालकाला आजच फोन करून आजारी पिल्लाबद्दल सांगा, म्हणजे ते आपापल्या डॉक्टरांकडे वेळेत जातील. चिंगी अजून ठीक आहे, पण मी रोज तिचं खाणं आणि शी तपासते आहे. माझे पैसे चार दिवस उशिरा आले तरी चालेल, हे फोन उशिरा झालेले चालणार नाहीत.

रविवार सकाळ बॅच
सोबत: पावतीची प्रत, चिंगीच्या लसीच्या कार्डाची प्रत