बदली केव्हा करायची, हे कोणी ठरवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलविषयी आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रांत या खेळाला एवढी जागा क्वचित मिळते, म्हणून आनंद झाला. मात्र लेखाच्या शेवटी सुचवलेला उपाय मला मुळीच पटला नाही. प्रत्येक चालीनंतर बचाव करणाऱ्या संघासाठी खेळाडू बदलायला दहा सेकंद राखून ठेवावेत आणि तोपर्यंत आक्रमक संघाला चेंडू स्नॅप करू देऊ नये, म्हणजे चेंडू मागे देऊन पुढची चाल सुरू करू देऊ नये, असे लेखकाचे म्हणणे आहे. नेमका हाच प्रस्ताव २०१४ साली पुढे आला होता आणि महिनाभरात बाजूला ठेवावा लागला होता. तो का टिकला नाही, याचा उल्लेख लेखात नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी गेली २२ वर्षे मिशिगन राज्यात ॲन आर्बरजवळ राहतो. माझा मुलगा शाळेच्या संघात बचाव फळीत खेळत असे आणि त्याच्या चार हंगामांत मी पालक-स्वयंसेवक म्हणून मैदानाच्या कडेला दहा यार्ड मोजणारी साखळी धरायला उभा राहत असे. त्यामुळे वेगवान आक्रमणाची झळ ज्यांना लागते, त्यांच्याच बाजूचा मी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हा खेळ न पाहणाऱ्या वाचकांसाठी नियम थोडा उलगडून सांगणे आवश्यक आहे. मैदानात अकरा-अकरा खेळाडू असतात आणि दोन चालींच्या मधल्या वेळात कितीही खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. २००८ पूर्वी पंचांनी चेंडू तयार असल्याची खूण केली की २५ सेकंदांची मोजणी सुरू होत असे, त्यामुळे सामन्याची गती बऱ्याच अंशी पंचांच्या हाती राहायची. २००८ पासून आधीची चाल संपली की लगेच ४० सेकंदांचे घड्याळ चालू होते. पंचांनी चेंडू जागेवर ठेवला आणि आक्रमक संघ रांगेत उभा राहिला, की तो पूर्ण ४० सेकंद थांबण्यास बांधील नसतो. मात्र आक्रमक संघाने स्वतः एक जरी खेळाडू बदलला, तरी बचाव करणाऱ्या संघाला आपले खेळाडू बदलण्याची संधी द्यावीच लागते आणि तोवर पंच चेंडूवर उभे राहून स्नॅप रोखून धरतात. थोडक्यात, घाई करायची असेल तर आहेत त्याच अकरा जणांनिशी करा आणि ताजे पाय हवे असतील तर समोरच्यालाही ते घेऊ द्या. माझ्या मते या खेळातील सर्वांत न्याय्य नियमांपैकी हा एक आहे.

शाळेच्या सामन्यांचे नियम थोडे वेगळे असतात, पण अडचण तीच असते. ऑक्टोबरमधील एका शुक्रवारी रात्री समोरचा संघ हडल न करता, म्हणजे चालीआधी घोळका करून सल्लामसलत न करता, सलग सातवी की आठवी चाल खेळत होता. माझ्यापासून जेमतेम पंधरा फुटांवर आमचा प्रशिक्षक एका ताज्या दमाच्या मुलाची जर्सी पाठीमागून मुठीत धरून उभा होता. मुलगा धावत सुटायला आतुर झालेला, आणि त्याला सोडावे तर आतला खेळाडू बाहेर पोहोचण्याआधीच चेंडू स्नॅप होऊन मैदानात बारा जण सापडतील, या भीतीने प्रशिक्षक त्याला सोडत नव्हता. आत माझा मुलगा दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंडातून वाफा टाकत, मान वळवून आमच्याकडे पाहत होता. बाप म्हणून त्या क्षणी पंचांनी खेळ थांबवावा असे मलाही वाटले. पण समोरच्या संघाचीही तीच अकरा मुले तेवढ्याच चाली खेळून तेवढीच दमलेली होती आणि त्यांनी एकही बदल केलेला नव्हता. हिवाळाभर पळून कमावलेला दम ती मुले वापरत होती. तो नियमाने त्यांच्याकडून काढून घ्यावा, असे मला तेव्हाही म्हणता आले नाही आणि आजही म्हणता येत नाही.

बदलीची मोकळीक हीसुद्धा काही या खेळाला जन्मजात मिळालेली नाही. एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूने परत येण्यावर पूर्वी बंधने असत आणि तेच गडी आक्रमणही करत, बचावही करत. १९४१ साली ही बंधने सैल झाली. १९४५ मध्ये आमच्या मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिस्लर यांनी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बलाढ्य आर्मी (लष्करी अकादमीच्या) संघाविरुद्ध आक्रमणासाठी एक आणि बचावासाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या तुकड्या उतरवल्या. तो सामना मिशिगनने २८-७ असा गमावला, पण तुकड्यांची पद्धत रुजली. दोन-दोन तुकड्या पोसण्याचा खर्च लहान महाविद्यालयांना झेपेना, म्हणून १९५३ मध्ये मोकळी बदली पुन्हा बंद झाली आणि १९६५ मध्ये ती पूर्णपणे परत आली. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण बदलीचा नियम सैल झाला की ज्याच्या बाकावर जास्त चांगले खेळाडू बसलेले असतात त्याचा फायदा होतो आणि बाकावर फारसे कोणी नसलेल्या संघाला हडल न करता खेळलेला वेग हेच उत्तर उरते. १ सप्टेंबर २००७ रोजी इथल्याच मिशिगन स्टेडियममध्ये, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, खालच्या विभागातील ॲपलाचियन स्टेट संघाने मैदानभर पसरलेल्या चपळ आक्रमणाच्या जोरावर मिशिगनला ३४-३२ असे हरवले. त्या दिवशी आमच्या गावावर सुतकी कळा आली होती, तरी ती मुले जिंकण्याच्याच लायकीची होती.

आता २०१४ विषयी. त्या फेब्रुवारीत महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियम समितीने प्रस्ताव मांडला, की दोन्ही अर्धांतील शेवटची दोन मिनिटे वगळता, घड्याळावर २९ सेकंद दिसेपर्यंत चेंडू स्नॅप केल्यास आक्रमक संघाला पाच यार्ड मागे सरकण्याचा दंड व्हावा. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन आणि अर्कान्सासचे प्रशिक्षक ब्रेट बिलेमा यांनी समितीपुढे या विचाराची बाजू मांडली होती. कारण सांगितले गेले ते खेळाडूंच्या सुरक्षिततेचे. यातली गोम अशी, की ते वर्ष नियमबदलाचे नव्हते आणि अशा वर्षात फक्त सुरक्षिततेशी संबंधित बदलच करता येत असत. ऑबर्नचे गस मालझान आणि ॲरिझोनाचे रिच रॉड्रिग्ज यांच्यासारख्या वेगवान खेळाच्या प्रशिक्षकांनी सरळ विचारले, की वेगामुळे दुखापती वाढतात याचा पुरावा कुठे आहे? तो समोर आला नाही. वेगवान संघसुद्धा पहिल्या दहा सेकंदांत क्वचितच स्नॅप करतात, असेही समितीच सांगत होती. मग जे क्वचित घडते त्यासाठी दंडाचा नियम कशाला, या प्रश्नाला उत्तर नव्हते. मार्चच्या सुरुवातीलाच प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला.

सेबन यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. आपल्याला फुटबॉल असाच हवा आहे का, हा प्रश्न त्यांनी २०१२ पासून जाहीरपणे विचारला होता. परंतु नियम बदलला नाही तेव्हा त्यांनी स्वतःचा खेळ बदलला. लेन किफिन यांच्याकडे आक्रमणाची सूत्रे दिली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच ऑबर्नला ५५-४४ असे हरवले. बचाव हे ज्यांचे दैवत, त्या प्रशिक्षकाच्या संघाने ४४ गुण देऊन सामना जिंकला, यावरून वेगाला मैदानातच उत्तर देता येते हे दिसते.

खरी चिंता करायची असेल, तर बदलीच्या नियमाला बगल देण्यासाठी निघालेल्या वाटांची करावी. समोरचा संघ भराभर खेळू लागला की बचावातला एखादा गडी अचानक पोटरी धरून खाली बसतो, खेळ थांबतो, सगळ्यांना श्वास मिळतो आणि तोच गडी एक चाल बाहेर राहून टुणटुणीत परत येतो. २०१० मध्ये ओरेगनविरुद्धच्या सामन्यात असे सोंग करायला सांगितल्याबद्दल कॅलिफोर्नियाच्या एका साहाय्यक प्रशिक्षकाला एका सामन्यासाठी निलंबित करण्यात आले होते. पंचांनी दुखापत खरी की खोटी हे ठरवायचे तरी कसे? चुकून खऱ्या दुखापतीवर संशय घेतला, तर तो अक्षम्य अपराध ठरेल. २०२५ मध्ये आलेला नियम म्हणूनच मला शहाणपणाचा वाटतो. चेंडू जागेवर ठेवल्यानंतर एखाद्या खेळाडूसाठी वैद्यकीय पथक आत आले, तर त्या संघाचा एक टाइमआउट (खेळ थांबवून घेण्याची मोजकी मुभा) खर्ची पडतो आणि टाइमआउट शिल्लक नसेल तर पाच यार्डांचा दंड होतो. कोणाच्या वेदनेची शहानिशा करण्याची गरजच उरत नाही.

दुसरी वाट १२ ऑक्टोबर २०२४ रोजी दिसली. ओहायो स्टेटविरुद्ध एका गुणाने पुढे असलेल्या ओरेगनने शेवटचे दहा सेकंद उरले असताना मैदानात बारावा खेळाडू ठेवला. पास अडला, पाच यार्डांचा दंड झाला, पण चालीत गेलेले चार सेकंद परत मिळाले नाहीत. ओरेगनने सामना ३२-३१ असा जिंकला आणि हे हेतुपुरस्सर होते, असे त्यांच्या प्रशिक्षकांच्या बोलण्यातूनच सूचित झाले. एनसीएएने त्याच आठवड्यात सूचना काढून, अखेरच्या दोन मिनिटांत असे घडल्यास घड्याळ मागे घेण्याचा पर्याय आक्रमक संघाला दिला. नियमातले भोक कुठे आहे ते पाहून तेवढेच बुजवणे मी यालाच म्हणतो.

चाली वाढल्या की धडका वाढतात, हे मी नाकारत नाही. माझ्या मुलाच्या खांद्यावर त्याची खूण आहे. पण चाली कमी करायच्या असतील, तर त्या दोन्ही संघांसाठी सारख्याच कमी व्हाव्यात. २०२३ पासून फर्स्ट डाउन (दहा यार्ड पुढे सरकून मिळणारी नव्या चालींची संधी) मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही, फक्त दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबते. या बदलाने कोणत्याही खेळशैलीला शिक्षा न करता काम साधले.

उरली एक त्रुटी, आणि लेखकाने तिच्यावर लिहावे अशी माझी विनंती आहे. आक्रमक संघाने बदल केल्यावर पंच चेंडूवर किती वेळ उभे राहणार, हे आज त्यांच्या अंदाजावर सोडलेले आहे. बचाव करणाऱ्या संघाने लगबगीने बदल करावा, अशी अपेक्षा आहे. पण एके ठिकाणी तीन-चार सेकंदांत चेंडू मोकळा होतो, तर दुसरीकडे यजमान संघाचे धिप्पाड गडी डुलत डुलत बाहेर जाईपर्यंत आक्रमक संघाचे घड्याळ पाच सेकंदांवर येऊन ठेपते. बिग ट्वेल्व्ह या महाविद्यालयांच्या स्पर्धा-गटाने २०१३ मध्ये आठव्या पंचाचा प्रयोग केला आणि पुढे तो इतरत्रही स्वीकारला गेला. त्यामुळे चेंडूजवळ उभा राहणारा माणूस मिळाला, मोजमाप मात्र मिळाले नाही. पंचांनी चेंडू रोखल्याक्षणी आठ सेकंदांची उलटी मोजणी दोन्ही संघांना दिसेल अशी फलकावर सुरू करावी, ती संपताच चेंडू मोकळा व्हावा आणि त्यानंतर मैदानात बारा जण उरले तर दोष बचाव करणाऱ्यांचा मानावा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
ॲन आर्बर, मिशिगन (मूळ गाव सातारा)