जीव मिल्खा सिंग यांना, एका जुन्या कॅडीचं पत्र

आदरणीय जीव सर,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी पुण्यात एका रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मुलांना गोल्फ शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं कॅडी म्हणून खेळाडूंच्या बॅगा उचलल्या, आणि मधल्या काळात स्वतः प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, व्हायची धडपडही केली. हे पत्र खरं तर २००६ सालीच लिहायला हवं होतं. आत्ता लिहितोय ते एका नऊ वर्षांच्या मुलीमुळे.

गेल्या महिन्यात ती वडिलांबरोबर आली. क्लब (चेंडू मारायची काठी) वर नेताना तिचा उजवा कोपर कोंबडीच्या पंखासारखा बाहेर जातो. चेंडू मात्र दहातले आठ सरळ. वडिलांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला, थांबवून थांबवून मला दाखवला आणि म्हणाले, "सर, आधी हे सुधारा." मी नाही म्हटलं. मग त्यांना शेजारी बसवून तुमचे जुने सामने दाखवले.

तुमचा स्विंग (क्लब फिरवण्याची ढब) पुस्तकातला नाही, हे तुम्ही इतक्यांदा ऐकलं असेल की मी पुन्हा सांगणं बरं नव्हे. पण माझं सगळं देणं तिथूनच सुरू होतं. क्लब चेंडूला टेकलेला असतो तो सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. तेवढ्या वेळात क्लबचं तोंड कुठे बघतंय आणि क्लब कुठल्या दिशेनं येतोय, एवढंच चेंडूला कळतं. कोपर कसा होता ते चेंडू विचारत नाही. हे मी आज मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. विशीत असताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझा स्विंग बघून बघून शिकलेला होता, कॅडी पोरांचा असतो तसा. एका शिक्षकांनी तो मुळापासून बदलायला घेतला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण दोन वर्षांत माझा जुना हात गेला आणि नवा बसला नाही. पहिला फटका मारायला टीवर उभं राहिलो की डोक्यात सहा सूचना, आणि चेंडू बाजूच्या उंच गवतात, रफमध्ये. २००६ च्या उन्हाळ्यात मी खेळणं सोडलं आणि परत बॅगा उचलायला लागलो.

एक गोष्ट कबूल करतो. आमच्या कॅडी शेडमध्ये देव एकच होता, अली शेर. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय प्रो, आणि आमच्यासारखेच बॅग उचलून वर आलेले. तुमचं नाव निघालं की कुणीतरी म्हणायचं, "त्याचं काय, मिल्खा सिंगचा मुलगा." मीही म्हणायचो. १९९७ मध्ये क्वालिफाइंग स्कूल ही निवड स्पर्धा पार करून युरोपियन टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेचं कार्ड मिळवणारे तुम्ही पहिले भारतीय होतात, तरी म्हणायचो. तिथल्या स्कोअरकार्डावर वडिलांच्या नावाचा एकही फटका वजा होत नाही, हे मला उशिरा समजलं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

१९९९ नंतर तुमचा विजयच नव्हता. कट चुकत होते (म्हणजे स्पर्धेतून अर्ध्यावरच बाहेर पडणं), मनगट दुखत होतं अशा बातम्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. सात वर्षं! मी दोन वर्षांत हात टेकले होते. आणि मग २००६ च्या एप्रिलमध्ये तुम्ही चायना ओपन जिंकलीत. तरी माझा विश्वास बसला तो ऑक्टोबरमध्ये, स्पेनमधल्या वाल्देरामाला. व्होल्वो मास्टर्स. दोन्ही बाजूंनी ओकची झाडं अशी आत आलेली की फेअरवेवरून, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावरून, मारलेला फटकाही फांदीत अडकावा. मागे हॅरिंग्टन, गार्सिया, ल्यूक डोनाल्ड, तिघेही एकाच फटक्याच्या अंतरावर. एका सभासदांच्या घरी त्यांच्या पाठीमागे उभा राहून मी ते पाहिलं. शेवटच्या होल्सवर, एवढ्या दडपणाखालीही, तुम्ही तोच स्विंग केलात. तुमचा. त्यात काही सुधारून घेतलेलं दिसत नव्हतं, काही लपवलेलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे रेंजवर जाऊन मी माझा जुना स्विंग शोधायला लागलो. पूर्ण सापडला नाही. प्रो झालो नाही, ते वय गेलं होतं. पण मारताना परत बरं वाटायला लागलं, आणि शिकवावं असं वाटलं, ते त्या आठवड्यात.

त्या वर्षाअखेर तुम्ही जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासात आलात आणि २००७ मध्ये अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स ही मानाची स्पर्धा खेळणारे पहिले भारतीय झालात. आम्ही चौघे रात्रभर जागलो. २००८ च्या पीजीए चॅम्पियनशिपमधला नववा क्रमांकही आठवतो. पण मुलांना मी दाखवतो तो २०१२ चा स्कॉटिश ओपन, इनव्हर्नेसजवळच्या कॅसल स्टुअर्टवरचा. तुम्ही चाळिशीचे. शेवटच्या दिवशी पाच फटके मागे होतात, वाऱ्यात ६७ फटक्यांची फेरी खेळलात आणि बाकीचे परत येईपर्यंत थांबलात. ते थांबणं मला फार मोठं वाटतं. बरोबरी सोडवायच्या प्लेऑफमध्ये मोलिनारीसमोर पहिल्याच होलवर बर्डी, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी. मुलं बर्डीवर टाळ्या वाजवतात. मी त्यांना आधीचा तो थांबलेला वेळ समजावत बसतो.

पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ च्या पीजीएमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेला, आमचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला. या मुलांना युरोप परका वाटला नाही, कारण ती वाट तुम्ही आधी एकट्यानं चालून ठेवली होती. त्याबद्दल देशानं तुमचे आभार मानले, पद्मश्री दिली. माझे आभार लहान गोष्टीचे आहेत.

त्या मुलीचा कोपर आहे तसाच आहे. आम्ही ग्रिप आणि उभं राहणं तेवढं नीट केलं. वडील आता व्हिडिओ काढत नाहीत, मागच्या बाकावर बसून चेंडू मोजतात. येत्या रविवारी तिची पहिली नऊ होल्सची फेरी आहे. बॅग मी उचलणार आहे.

आपला कृतज्ञ,
एक जुना कॅडी, पुणे