संत्र्याच्या कलमाचा सांधा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संत्र्याची कलमं घेताना गिऱ्हाईक शेंडा पाहतो, पानं पाहतो. संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटीची कळी, खालच्या खुंटाला जुळतो तो सांधा कुणी पाहत नाही. अलैंगिक प्रजननाचा सगळा खेळ तर त्या सांध्यावर आहे.

खुंटापासूनच, म्हणजे ज्यावर डोळा बांधतात त्या मुळाच्या रोपापासूनच सांगतो. खुंटासाठी लावतात त्या जंबेरी या आंबट लिंबाच्या एका बीतून बहुधा दोन-तीन रोपं निघतात. त्यातलं एखादं परागीभवनातून आलेलं, बाकीची बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून झालेली. बीतून उगवली तरी ती आईची हुबेहूब नक्कल, म्हणून वाफ्यात सारखी वाढतात. खुरटं किंवा वेगळ्या पानाचं रोप दिसलं की उपटावं. दया करून त्यावर डोळा भरला, की बागेत ते झाड रांगेतून उठून दिसतं, तेही चुकीच्या कारणाने.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या खुंटावर, साल सहज सुटत असताना, इंग्रजी टी आकाराचा काप घेऊन डोळा सरकवायचा आणि पॉलिथिनच्या पट्टीने घट्ट बांधायचा. साल चिकटलेली असेल तर सालीखालचे वाढीचे थर एकमेकांना भिडत नाहीत आणि डोळा काळा पडतो. तीन आठवड्यांनी हिरवा दिसला तर लागला समजा. डोळकाडी, म्हणजे डोळे काढायची फांदी, फळणाऱ्या झाडाची, गोलसर घ्यावी, पानसोटाची (नुसत्या जोमाने सरळ वाढणाऱ्या फुटीची) नको.

नक्कल म्हटली की गोडीबरोबर रोगही आला. ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग हे रोग डोळ्यातून उतरतात. मातृवृक्ष रोगट असेल तर हजार कलमं रोगट. मग कितीही फवारा.

आता उंची. डोळा जमिनीपासून 25 ते 30 सेंमीवर हवा. पुष्कळ कलमांत तो चार बोटांवरच असतो. पावसाचे शिंतोडे मातीतली फायटोप्थोरा बुरशी संत्र्याच्या नाजूक सालीवर उडवतात आणि डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) लागतो. डोळा उंच असूनही खोल लावून सांधा मातीत गाडणारेही आहेतच! 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी ही बोर्डो पेस्ट बुंध्याला लावावी, पण गाडलेल्या सांध्याला तिचा काय उपयोग?

सांध्याखालचे फुटवे लहान असतानाच खुडा. ते जंबेरीचे असतात, जोरात वाढतात आणि संत्र्याला दाबून टाकतात. चौथ्या-पाचव्या वर्षी झाडाला जाड सालीची आंबट फळं लागली, तर पन्हेरीवाल्याशी (रोपवाटिकावाल्याशी) भांडायला जाण्याआधी फांदी कुठून फुटली आहे ते वाकून बघावं.

— काही संत्रा बागायतदार व पन्हेरीवाले,
ता. वरुड, जि. अमरावती