कुत्रा सारखा खायला मागतो तेव्हा

संपादक महोदय,

गोरेगाव पूर्वेला मी घरच्या घरी कुत्र्यांचं बोर्डिंग चालवते. गणपतीत कोकणात निघालेली मंडळी कुत्रा सोडायला येतात आणि दारातच बजावतात, "ताई, हा फार हावरट आहे, सारखं खायला लागतं." तोच कुत्रा माझ्याकडे रुळला, इतर कुत्र्यांबरोबर धावून दमला, की वाटीत भात ठेवून झोपून जातो. त्याला हावरट म्हटलेलं मला खरंच सहन होत नाही.

भुकेलेला कुत्रा समोर येईल ते खातो. नेहमीच्या खाण्याला हुंगून तोंड फिरवणारा आणि बिस्किटासाठी मात्र पाय खरवडणारा कुत्रा बहुधा वेगळंच काही मागत असतो. तो कधी मागतो ते आठवडाभर वहीत लिहून पाहा. तुम्ही लॅपटॉप उघडल्यावर? घरात आवाज चढल्यावर? मागायला लागला की आधी पट्टा लावून फिरायला न्या किंवा दहा मिनिटं चेंडू खेळा. वाटीचा विसर पडला तर पोट रिकामं नव्हतं. काहींचं याच्या उलट असतं. घर रिकामं असेपर्यंत ते अन्नाला शिवत नाहीत आणि माणूस परतला की न चावता गिळतात.

मात्र सगळं मनावर ढकलू नका. भूक अचानक वाढली, पाणी आणि लघवीही वाढली, तर आधी डॉक्टरांकडे जा. मधुमेह असू शकतो, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) असू शकतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही भूक खवळते. लॅब्राडोरची तर गोष्टच निराळी. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी या जनुकाचा तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. तिथे मोजून वाढणं हाच उपाय, रागावून काय होणार?

बाकीच्यांचं दुखणं मुंबईच्या दिनक्रमात आहे. घरचे सकाळच्या लोकलला जातात, रात्री परततात. दिवसभर एकटा ठेवल्याची चुटपुट असते, म्हणून आल्या आल्या बिस्किटाचा पुडा फुटतो. कुत्र्याला हवं असतं खाली जायला. पण कित्येक सोसायट्यांत त्याला लिफ्ट बंद, आवार बंद. अकराव्या मजल्यावरचा, सांधे धरलेला म्हातारा कुत्रा जिन्याने किती वेळा उतरणार? मग फेरी चुकते आणि तिची जागा खाऊ घेतो. वजन वाढतं, सांधे आणखी दुखतात.

पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही, हे भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. सोसायट्यांच्या कार्यकारिणींनी त्या वाचाव्यात, लिफ्टबाहेरच्या पाट्या उतरवाव्यात आणि संध्याकाळी थोडा वेळ तरी आवारातला एक कोपरा या मुक्या जिवांसाठी मोकळा ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, गोरेगाव (पूर्व), मुंबई